सासरची माणसं

मला सासर नाही, असं मी लग्नानंतर दहा वर्षं सगळ्यांना सांगत आले. नवरा आहे, मुलगी आहे, इंग्लंडात बेसिंगस्टोकला तीन बेडरूमचं घर आहे. पण सासू-सासरे लग्नाआधीच गेलेले, नणंद नाही, दीर नाही. लंडनजवळ पिनरला माझं माहेर, तिथल्या मैत्रिणी म्हणायच्या, धम्मशीला, नशीब काढलंस बाई. मीही हसून घ्यायचे.

माझं काम हवेचं. ऑफिसं, शाळा, लायब्ऱ्या यांच्यात हवा कशी खेळेल याचे आराखडे करायचे आणि मग ती खेळतेय का ते मोजायचं. माणूस श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. बंद खोलीत माणसं बसली की आकडा चढतो, उठून गेली की उतरतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत साधारण सव्वाचारशे. मीटिंगरूममध्ये काल किती जण होते आणि खरंच मीटिंग झाली का, हे मी दुसऱ्या दिवशी आलेखावरून सांगू शकते. त्यामुळे मॅनेजर लोकांत मी फारशी लाडकी नाही.

घरीही मी सेन्सर लावलेत, ते हौस म्हणून नाही. ईशिताला दमा आहे. सात वर्षांची पोर, हवा कोंडली की छाती भात्यासारखी वाजायला लागते. दोनदा तिला ॲम्ब्युलन्समधून नेलंय. दुसऱ्या वेळी तिचे ओठ निळे झाले होते, ते मी विसरू शकत नाही. त्यानंतर मी माळ्यावर पंख्याची यंत्रणा बसवून घेतली, प्रत्येक खोलीतली शिळी हवा बाहेर आणि ताजी आत. जगात काय वाट्टेल ते होवो, माझ्या मुलीच्या खोलीतली हवा चांगली राहिली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं.

नवरा रेमी. रेमी दूसे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा, घरी फ्रेंच बोलणारा. हे लोक स्वतःला अकेडियन म्हणवतात. अठराव्या शतकात इंग्रजांनी त्यांना त्यांच्या गावांतून उठवलं, घरं जाळली आणि माणसं जहाजांत कोंबली. काही जहाजं व्हर्जिनियाला लागली. तिथले म्हणाले, आम्हाला नकोत. मग ती माणसं इंग्लंडला धाडली. इथे तरी कोणाला हवी होती? साउदम्प्टनला त्यांना डांबून ठेवलं, तिथे देवीची साथ आली आणि पुष्कळ मेली. रेमीच्या घराण्यातला एक आठ वर्षांचा पोरगा तेवढा वाचला आणि पुढे मोठा होऊन कॅनडाला परतला. त्याचे आईबाप, भावंडं, काका, आत्या सगळे साउदम्प्टनच्या मातीत गेले.

रेमीचे वडील वारल्यापासून त्यानं या सगळ्याचा शोध हाती घेतला. डीएनए, इंटरनेटवरचे चुलतभाऊ, चर्चची दप्तरं. शनिवार-रविवार त्यात जायचे. मला कौतुक वाटायचं आणि राग यायचा, दोन्ही एकदम. माझ्या खापरपणजोबाचं नाव मला माहीत नाही. विचारणार कोणाला? गावकुसाबाहेर राहणाऱ्यांची वंशावळ लिहायला कोणी बसलं नव्हतं. आणि हा माझा नवरा जेवताना घास थांबवून आपल्या आठ पिढ्या म्हणून दाखवायचा.

म्हणून दाखवायचा म्हणजे खरंच म्हणायचा. त्यांच्या गावात एकाच नावाची दहा-दहा माणसं, म्हणून ओळख सांगताना बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं नाव मागे जोडत जायची पद्धत. "रेमी आ लुई आ थिओफिल आ प्लासिद..." लुईचा रेमी, थिओफिलचा लुई, असं थेट त्या वाचलेल्या झाँ-बाप्तिस्तपर्यंत. आमच्याकडे एक बाप पुरतो, तुम्हाला आठ लागतात, असं मी त्याला चिडवायचे. ईशिताला ती साखळी फार आवडली. ती दोरीवरच्या उड्या मारताना म्हणायची आणि सुरुवातीला स्वतःला जोडायची. "ईशिता आ रेमी आ लुई..."

ऑक्टोबरात रेमीला ती जागा सापडली. साउदम्प्टनच्या बाहेर, एका मोठ्या रिटेल पार्कच्या मागे. सोफ्यांचं दुकान, पाळीव प्राण्यांचं दुकान आणि त्यामागे तारेचं कुंपण घातलेला उताराचा तुकडा. चिखल, काटेरी झुडपं, उडून आलेले कॉफीचे कप. जुन्या नकाशावरून आणि कोणाकोणाच्या मदतीनं त्यानं ताडलं होतं की साथीतली माणसं इथे पुरली. ईशिताला मैत्रिणीकडे सोडून आम्ही दोघंच गेलो.

रेमी चिखलात गुडघे टेकून बसला आणि ती साखळी म्हणू लागला. हळू, सावकाश. मी बाजूला उभी होते. तेवढ्यात पिवळं जॅकेट घातलेला एक गृहस्थ कुंपणापाशी आला. चिखलात बसलेला माणूस रेमी, पुटपुटणारा माणूस रेमी. पण रेमी गोरा. त्या गृहस्थानं विचारलं मला.

"कॅन आय हेल्प यू?"

या देशात या वाक्याचा अर्थ 'मदत करू का' असा नसतो. मी सांगितलं, माझ्या नवऱ्याची माणसं इथे पुरली आहेत. तो म्हणाला, इथे कोणी पुरलेलं नाही, सर्व्हे झालाय, वसंतात इथे पार्किंग होणार आहे. मग मान तिरकी करून म्हणाला, तुम्ही कुठल्या?

"बेसिंगस्टोक."

"नाही, म्हणजे मूळच्या?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसांना सगळ्या जगाचं मूळ हवं असतं, आणि पायाखाली यांनीच गाडलेली माणसं मात्र सर्व्हेत सापडत नाहीत. मी त्याला उत्तर दिलं नाही. त्या उताराकडे वळले.

आपल्यात कोणाच्या दारातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. आणि ज्यांच्याकडून निघालो त्यांना 'तुम्हीही या' म्हणायचं. ते कोणी मनावर घेत नाही, पण म्हणायचं असतं. मी मराठीतच म्हटलं, खणखणीत आवाजात, त्या पिवळ्या जॅकेटाला ऐकू जावं म्हणून.

"येते हं. तुम्हीही या आता. रेमीच्या रक्ताचं जे कोणी इथे असेल, त्या सगळ्यांनी आमच्या घरी या. अडीचशे वर्षांत तुम्हाला कोणी 'या' म्हणालं नसेल. मी म्हणतेय."

रेमीनं वर बघितलं. "काय म्हणालीस?"

"सासरच्यांना आवतण दिलं," मी इंग्रजीत सांगितलं. तो हसला. त्याचे डोळे भरलेले होते.

पुढच्या आठवड्यात खालच्या खोलीच्या काचांवर आतून पाणी धरायला लागलं. हिवाळा लागताना इथे काचांना पाणी येतंच, म्हणून मी फडक्यानं पुसलं आणि विसरले. मग एकदा ऑफिसात डबा खाताना सहज फोनवर घरचे आकडे बघितले. घरात कोणी नव्हतं. रेमी एडिनबराला कामाला गेला होता, ईशिता शाळेत. रिकामं घर दुपारपर्यंत सव्वाचारशेवर यायला हवं. आकडा चढत होता. शाळेच्या वर्गात मुलं बसल्यावर जशी रेघ चढते तशी, गुळगुळीत.

सेन्सर बिघडला असणार. मी तिन्ही सेन्सर अंगणात नेऊन बाहेरच्या हवेशी ताडून बघितले, ते बरोबर होते. घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या माणसाला बोलावलं, त्यानं सगळं तपासून सही केली. माळ्यावरचा पंखा उघडून बघितला, फिल्टर बदलला, वेग वाढवला. दुसऱ्या दिवशी रिकाम्या घरातला आकडा आणखी वर गेला. मी ऑफिसात खुर्चीवर बसून ती रेघ बघत राहिले. मला रेघ वाचता येते. ते वीसेक माणसांचं घर होतं, आणि कोणी उठून जात नव्हतं.

मग वास सुरू झाला. ओल्या लोकरीचा, डांबराचा, आणि बंदरावर असतो तसा खारट कुजकट. जिन्यात जास्त. मी आईला पिनरला फोन केला. ती माझ्या भावाकडे राहते.

"हवा कोंडली असेल," आई म्हणाली. "अख्ख्या देशाची हवा मोजत फिरतेस आणि घरात वास?"

"आई, घरात कोणी नसताना माणसं असल्यासारखं..."

"ते माझ्यापुढे बोलायचं नाही. तुझ्या आजोबांनी नागपूरला उभं राहून बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. आपल्यात पिंड नाही, श्राद्ध नाही, उतारा नाही. भुतंबितं तर मुळीच नाहीत." मग जरा थांबून म्हणाली, "आणि भटाला दिली ओसरी तर भट पाय पसरणारच. कोणाला ठेवून घेतलंयस का घरात?"

मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या शनिवारी ईशिता स्वयंपाकघरात साखळी म्हणत होती. तिची ती नेहमीची, रेमी, लुई, थिओफिल. झाँ-बाप्तिस्त आला, संपली. पण ती थांबली नाही. पुढे आणखी नावं आली. फ्रेंच उच्चार इतके जुने की रेमीच्या हातातला कप तसाच राहिला. झाँ-बाप्तिस्तच्या बापाचं नाव, त्याच्या बापाचं, आणि मग बायकांची नावं, जी साखळीत कधीच नसतात.

"कोणी शिकवलं तुला?" मी विचारलं.

"ते बाई," ईशिता म्हणाली. तिचं मराठी असंच आहे. "माझा रूममध्ये झोपते ते. खूप लोक आहे, आई. त्यांना थंडी वाजतो. माझा रूम गरम आहे ना."

मी रेमीला ते इंग्रजीत सांगितलं तसा तो रडायला लागला. आनंदानं. "आलेत ते," तो सारखा म्हणत होता, "बघ ना, आपल्याकडे आलेत." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, तुझे आहेत ना, मग तुझ्या अभ्यासिकेत ने त्यांना. माझ्या पोरीच्या खोलीत कशाला? तो माझ्याकडे असा बघत राहिला, जशी काही मीच कोणीतरी परकी. मग शांतपणे म्हणाला, "बोलावलं तूच होतंस, धम्मा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मी ईशिताला आमच्या खोलीत झोपवलं. आकडा आमच्या खोलीत चढला. नोव्हेंबरच्या गारठ्यात सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. हवा आत येताना अंगाला लागायची आणि तरी काचा पाझरत राहायच्या. पडद्याच्या आड, जिन्याच्या कठड्यापाशी, कोटांच्या खुंट्यांजवळ कोणीतरी अंग चोरून उभं आहे असं वाटायचं. दिसायचं काहीच नाही. मला त्यांची कीवही यायची, ते खोटं का बोलू. अंग चोरून उभं राहणं म्हणजे काय ते माझ्या आजीला माहीत होतं. पण ती माणसं माझ्या मुलीची हवा पीत होती.

पंधरवड्यानं ईशिताला अटॅक आला. इनहेलरनं उतरेना. ओठांचा रंग बघून मी ॲम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरनं तिला मास्क लावला, औषधं चालू केली, मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

"घरात किती जण राहता?"

"तिघं."

त्यानं माझं नाव पुन्हा वाचलं. "कधी कधी मोठ्या कुटुंबांमध्ये, म्हणजे पाहुणे, नातेवाईक बरेच दिवस राहतात. गर्दीच्या घरात दमा बळावतो. मी दोष देत नाहीये."

नाकानं कांदे सोलणारं ते कार्टं. त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला. आणि त्याहून संताप याचा की तो बरोबर बोलत होता.

रविवारी दुपारी तिला घरी सोडलं. दार उघडलं तर तो दमट गरम वारा तोंडावर आला, खच्चून भरलेल्या बसचं दार उघडल्यावर येतो तसा. भिंतींवरून ओघळ आले होते. रेमी स्वयंपाकघरात सूप करायला गेला. मी ईशिताला सोफ्यावर आडवं केलं, पांघरूण घातलं. तिची छाती अजून वाजत होती.

मी पुढचं दार सताड उघडलं आणि पॅसेजमध्ये उभी राहिले.

मला ठाऊक होतं मी काय करतेय. यांना गावातून काढलं, जहाजातून काढलं, प्रत्येक किनाऱ्यावरून हाकललं. आता मी.

"ऐका," मी म्हटलं. मराठीतच. बोलावणं कळलं होतं, तर हेही कळेल. "मी बोलावलं होतं, मीच सांगतेय. माझी पोर गुदमरतेय. तुमचे हाल झाले, मला मान्य आहे, पण ते मी केले नाहीत. रेमीच्या रक्ताचं जे कोणी या घरात आहे, त्या सगळ्यांनी बाहेर व्हा. आत्ताच्या आत्ता. परत या उंबऱ्याच्या आत यायचं नाही."

काही झालं नाही.

मग खुंटीवरचा पहिला कोट हलला. नंतर दुसरा. अरुंद पॅसेजमधून एकेक माणूस अंग चोरून जावं तसे कोट एकामागून एक हलत राहिले. वारा रस्त्याकडून आत येत होता आणि दाराचा पडदा बाहेर फुगला होता. आवाज नव्हता. कोणी तक्रार केली नाही, याचा मला जास्त राग आला. बराच वेळ ते चाललं होतं.

स्वयंपाकघरात रेमीच्या हातातला डाव ढवळता ढवळता थांबला.

सोफ्यावर ईशिता उठून बसली. तिनं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, मी पण?"

"तू नाही गं, बाळा. तू झोप."

ती पुन्हा आडवी झाली. पडदा खाली पडला. मी दार लावलं.

तासाभरात काचा कोरड्या झाल्या. वास गेला. त्या रात्री ईशिताची छाती वाजली नाही, दुसऱ्या रात्रीही नाही. डिसेंबर अख्खा गेला, इनहेलर कपाटातून काढावं लागलं नाही. नर्सनं तिची छाती तपासली आणि म्हणाली, काय केलंत हो, कमाल आहे. रेमीनं शोध बंद केला. फायली माळ्यावर ठेवल्या, पुन्हा नाव काढलं नाही. हल्ली तो शांत असतो. साखळी कोणीच म्हणत नाही.

ईशिताच्या खोलीतला आकडा सकाळी उठल्यावरही सव्वाचारशेच. मी स्वतःच्या पंख्यावर खूश झाले. आईला फोन करून सांगितलंसुद्धा.

जानेवारीत शाळा उघडली त्या दिवशी कडाक्याची थंडी पडली होती. गाडीच्या छतावर बर्फाची साय धरली होती. रेमीला स्टेशनला आणि ईशिताला शाळेत सोडायचं होतं. तो माझ्या शेजारी बसला, ती मागे. गाडी दारातच उभी होती, हीटर अजून गरम व्हायचा होता. माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

समोरची काच धुकटली. मी हातमोज्यानं पुसली. पुन्हा धुकटली.

माझ्या बाजूची. रेमीच्या बाजूनं रस्ता लख्ख दिसत होता. तो फोनवर बातम्या वाचत होता. त्याची छाती वर-खाली होत होती, पण तोंडापुढे वाफ नव्हती.

रेमीच्या रक्ताचं जे कोणी, असं मी म्हटलं होतं. मी आरशात बघितलं. ईशिता काचेला तोंड लावून बसली होती. तिनं गाल फुगवून हाऽ केलं. काच तशीच राहिली. तिनं बोट टेकवून बघितलं. पुन्हा हाऽ केलं.

"आई," ती म्हणाली, "माझा काच होत नाही. तू कर ना."

मी पट्टा सोडला, मागे वाकले आणि तिच्या काचेवर श्वास सोडला. काच पांढरी झाली. ती खूश होऊन बोटानं चित्र काढायला लागली.